पोळ्याच्या दिवशी मुसकं

आमच्या गावात आता एकच बैल राहिला आहे आणि तो माझा आहे. रेणापूरच्या अंगाला आमचं गाव. दारोदार ट्रॅक्टर उभे आहेत. पोळ्याला लोक ते धुतात, फुगे बांधतात, हार घालतात. पण ट्रॅक्टर पोळी खात नाही. आणि आमच्याकडची रीत अशी, की पोळ्याला बैलाच्या तोंडात पुरणपोळीचा घास गेल्याशिवाय घरच्या बाईनं जेवायचं नाही. मग ज्यांच्या दावणी रिकाम्या झाल्या, त्या सगळ्यांची ताटं माझ्या दारात यायला लागली.

तेव्हा माझ्याकडं जोडी होती. बाया ताटं घेऊन रांगेत, मी खाटेवर. पूर्वी वेशीतल्या तोरणाचा मान मोठ्या वाड्याचा असायचा. आता त्यांच्या गोठ्यात मोटारी आहेत. मान माझ्याकडं आला, कुणाच्या उपकारानं नाही, मी बैल ठेवले म्हणून.

मागच्या पोळ्याला उजव्या अंगाचा बैल गेला. तो अधाशी होता, डाव्याचंही ताट ओढायचा. दुसऱ्या दिवशी, करीला, त्यानं रवंथ बंद केला. दात खायला लागला, तोंडाला आंबूस वास. डॉक्टर आला, पोटाला हात लावला आणि म्हणाला, "बाबा, गव्हाचं अन् गुळाचं लई गेलंय. पोटात आंबलंय सगळं."

"पोळी काय इख हाय का?" मी म्हणालो.

"तुमच्यासाठी न्हाई. त्याच्यासाठी हाय."

दिवस मावळायच्या आत बैल गेला. गाव म्हणालं, नजर लागली.

डाव्या अंगाचा मागं राहिला. औताचे दिवस त्याचेही संपलेले, माझेही. पोरगा नांदेडला असतो. तो फोनवर म्हणायचा, "कशाला पोसायलाव आता त्याला?" मी फोन बंद करायचो. बैल माझ्या खाटेच्या काठावर हनुवटी ठेवून उभा राहायचा. माझ्या सदऱ्याची बाही त्यानं चाटून चाटून विरवून टाकली होती. जोडीदाराच्या जागेकडं तोंड करून तो किती दिवस उभा राहिला ते मी पाहिलं आहे. हा पोळ्याला मरणार नाही, एवढं मी मनाशी धरलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. यंदा मी त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळली आणि दरवर्षीसारखं कानाशी म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." सकाळी त्याला धुतलं, शिंगं रंगवली, झूल घातली, बाशिंग बांधलं. मग खुंटीवरचं मुसकं काढलं. कोळपताना बैलानं पिकाला तोंड लावू नये म्हणून बांधतात ती दोरीची जाळी. ती त्याच्या तोंडाला बांधली.

आमची म्हातारी चुलीपासून उठून आली. "अवं, आवतण दिऊन तोंड बांधता? ही कुठली रीत?"

"जित्ता राहिला तर रोज जेवंल," मी म्हणालो.

तिनं कपाळाला हात लावला आणि परत पोळ्या लाटायला गेली.

वेशीत गेलो तर पोरांना खेळच मिळाला.

"काका, बैलाला कोरोना झाला का? मास्क लावलाय!"

"तुझ्या तोंडाला लावायला पाहिजे होता," मी म्हणालो. "गावाला आराम पडला असता."

मारुतीच्या देवळापुढं बैलाचं लग्न लागतं. मंगलाष्टक म्हणणारा थांबला. म्हणाला, "नवरदेवाचं तोंड बांधून लगीन लावल्यालं म्या तर पाहिलं न्हाई."

"आता पाहून घे."

लग्न लागलं. फटाक्यांची माळ पेटली तसा बैल बिचकला, मागं सरला. मी कासरा आखडून त्याच्या मानेशी मान लावून उभा राहिलो. डीजे माझ्या बरगड्यांत वाजत होता, त्याच्या किती वाजत असेल! वाटेत कुणी लाडू पुढं केला, कुणी पोळी. तो नाकपुड्या फुगवून हुंगायचा आणि जाळीतून जीभ काढायचा. मी त्यांचे हात झिडकारत बैल घरी आणला. वाटलं, जिंकलो.

दारात बाया बसल्या होत्या. ओट्यावर, पायरीवर, मांडीवर झाकलेली ताटं घेऊन. पुढं माझी चुलत भावजय. माझ्यापेक्षा वडील, नवरा गेलेली, दावण किती वर्षं रिकामी. सकाळपासून तिच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं.

"भाऊजी, मुसकं सोडा. दिस कलला."

"वैनी, औंदा पोळी न्हाई. मातीचे बैल आणा, त्यांना निवद दाखवा अन् जेवा."

"माती खाती का? जित्त्या बैलानं खाल्ल्याबिगर माझ्या घशाखाली उतरत न्हाई."

"मग हिरव्या गवताची पेंढी घाला. ते चालतंय त्याला."

"सणादिवशी गवत? जावई आला तर त्याला शिळा तुकडा घालतो का आपण?"

"तुमचा जावई पोळी खाऊन मरत न्हाई."

सगळ्या हसल्या. पण उठलं कुणी नाही. भांडल्या असत्या तर मी पुरून उरलो असतो. माझ्याशी भांडून गावात कुणी जिंकलेलं नाही. त्या भांडल्याच नाहीत. नुसत्या बसून राहिल्या, भुकेल्या, ताटावर पदर झाकून. मी बैलाजवळ काठी घेऊन बसलो. आमची म्हातारीही उपाशीच होती. उन्हं सरकत भिंतीवर चढली. बैल पुरणाच्या वासानं पाय बदलत होता, दावं ओढत होता, मधेच माझ्याकडं बघत होता.

हौदातलं पाणी संपलं होतं. मी बादली घेऊन हापशावर गेलो. तेवढाच गेलो.

आलो तर मुसकं खुंटीवर होतं. बैलाचं तोंड पुरणानं माखलेलं, डोळे अर्धे मिटलेले, कान सैल. जोडीदार गेल्यापासून इतका सुखात मी त्याला पाहिला नव्हता. बाया पदराला हात पुसत घराकडं निघाल्या होत्या.

मी बादली आपटली. आमची म्हातारी म्हणाली, "वरडू नका. एक एक घास घाला म्हणलं म्या. वैनी चक्कर यिऊन पडायली होती. तिचं पाप कुणी घ्यावं?"

एकेक घास करून किती गेलं ते तिलाही सांगता आलं नाही. घास कसला, ज्याच्या-त्याच्या हाताएवढा.

करीला सकाळी तो रवंथ करत नव्हता. दात वाजत होते. तोच वास आला.

डॉक्टर मोटारसायकलवर आला. नळीनं सोडा पाजला, गोठ्याच्या आढ्याला सलाईन टांगलं. म्हातारी कोपऱ्यात पदर तोंडात धरून उभी. बैल काही दिवस आडवा होता, आणि एका सकाळी उठला. पण उठला आणि पुढचे गुडघे टेकून राहिला. खूर तव्यासारखे गरम. डॉक्टरनं हात लावून पाहिलं.

"पोटातलं आंबलं की ते पायात उतरतंय, बाबा. जीव वाचला, पण पाय गेले. आता कडक जमिनीवर चालवू नका. अन् परत असं झालं तर माझ्या हातात काही न्हाई."

गावात मात्र दुसरीच गोष्ट झाली. चावडीवर, पिठाच्या गिरणीवर लोक म्हणायला लागले, "पाहा, वाचला की न्हाई? पोळीनं कुठं बैल मरतंय का? पयला नजरंनंच गेला व्हता." बैल मेला असता तर कदाचित माझं खरं ठरलं असतं. तो जगला म्हणून मी खोटा पडलो. मी चावडीवर जाऊन दोनदा भांडलो. डॉक्टरचं सांगितलं. एकजण म्हणाला, "काका, पोट भरून खाल्लं अन् उभा राहिला. आता अजून काय पाहिजे?"

परवा मी पोतं पाण्यात बुडवून त्याच्या खुरांना गुंडाळत होतो. वैनी आली. ओल्या जमिनीवरच बसली, त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि रडायला लागली. खरं रडत होती. बैलावर तिचा जीव आहे, ते मी कसं नाकारू?

"भाऊजी, ह्यो आडवा होता तवा म्या मारुतीला बोलले. म्हणलं, ह्याला उठीव. पुढल्या पोळ्याला सव्वा किलो पुरणाचा निवद ह्याच्या तोंडात घालीन. मारुती पावला बगा. आता फेडाय पाहिजे."

मी राग शोधला. सापडला नाही. नवस बोललेल्या बाईला काय सांगायचं, आणि सांगून कोण ऐकतंय? मी हापशावर तर जाणारच, कधीतरी.

बैलानं मान लांब केली आणि तिचा तळहात चाटला. मग नाकानं तो हात उलटा केला आणि त्याखाली काही आहे का ते हुंगलं.

"पाहा कसं वळखतंय," वैनी डोळे पुसत म्हणाली.

"आक्का, च्या टाकलाय, आत या," म्हातारीनं हाक मारली. वैनी गेली. पोतं सुकत आलं होतं. मी ते सोडून परत पाण्यात बुडवलं.