न वाजलेला भोंगा

हर्षला भिवपुरीजवळच्या गावातली. बापाची भातशेती होती आणि ही माळ्यावर लॅपटॉप मांडून एका छोट्या कंपनीचं काम करायची. कंपनीने खालापूरकडच्या डोंगरउतारांवर खांब रोवले होते. माती किती भिजली, खांब किती कलला हे तिथून कळायचं, आणि धोका दिसला की पायथ्याच्या वाडीत भोंगा वाजायचा.

धोक्याचं गणित सी प्लस प्लस या भाषेतल्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात होतं, भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये. दोन्ही सांधणारा दुवा बिल्ड करताना, म्हणजे सगळे भाग जोडून चालता प्रोग्रॅम बनवताना तयार व्हायचा. त्या बिल्डची फाइल लिहिली होती हरेशने, तिच्या वरिष्ठाने.

तिथली माती लवकर सुटते, म्हणून उन्हाळ्यात हर्षलाने गणित बदलून इशारा आणखी आधी निघेल असं केलं. मग ती फाइल वाचताना तिला चूक दिसली. पायथनचा दुवा नव्या लायब्ररीला जोडलेलाच नव्हता. सर्व्हरवर पडून असलेल्या जुन्या प्रतीचा पत्ता हरेशने त्यात हाताने लिहून ठेवला होता. तिचं नवं गणित भोंग्यापर्यंत पोचणारच नव्हतं.

"सर, हे आत्ताच बदलायला हवं."

"बिल्ड हिरवा दाखवतोय ना, कुठे चूक नाही? मग चालत्या गाडीला खीळ कशाला? पावसाळा सरला की बघू."

तिने पुन्हा सांगितलं, मेल केला. हरेशने तिला फाइलला हात लावायची परवानगीच काढून टाकली.

जुलैत भरदिवसा डोंगराचा उतार कोसळला. माणसं खाली लावणीला गेली होती म्हणून वाचली. वाडीतल्या ठमीचा गोठा मात्र शेळ्यांसकट चिखलाखाली गेला. भोंग्याने आवाजही काढला नाही.

हर्षला वाडीत पोचली तेव्हा ठमी चिखलात हाताने उकरत होती.

"तुमचा भोंगा मुका हाय का गं?" ठमी मान वर न करता म्हणाली. "वाजला असता तर सोडल्या असत्या मी शेळ्या."

 तिथेच दगडावर बसून हर्षलाने सर्व्हर उघडला, पायथनने कुठली लायब्ररी उचलली ते पाहिलं. जुनीच. खांबांचे आकडे नव्या गणितात घालून पाहिले, तर दरड कोसळायच्या कितीतरी आधी इशारा निघत होता. 

तिने हरेशला फोन लावला. "फाइल माझ्या हातात द्या. आत्ता."

"हर्षला, आधी आवाज खाली—"

"नाही करणार! शेळ्यांच्या जागी माणसं असती तर त्यांनाही पावसाळा सरेपर्यंत थांबा म्हणाला असतात?"

 थोड्या वेळाने परवानगी आली. तिने हाताने लिहिलेला पत्ता खोडला, दुवा त्याच बिल्डमधल्या लायब्ररीला जोडला आणि एक अट घातली: लायब्ररी आणि दुव्याच्या आवृत्त्या जुळल्या नाहीत तर बिल्ड तिथेच अडावा. त्याच दिवशी हरेशचा स्वतःचा बिल्ड लाल झाला, म्हणजे अडला. त्याच्या मशीनवरही जुनीच प्रत होती.

"ही अट सगळ्यांना अडवतेय," तो कुरकुरला.

"अडवण्यासाठीच घातलीय. ती काढायची असेल तर ठमीबाईंना विचारून काढा."

अट राहिली. पुढच्या आठवड्यात नव्या बिल्डवर भोंग्याची चाचणी ठेवली, आणि हर्षलाने हट्ट धरून हरेशला कर्जतहून वाडीत आणलं. भोंगा वाजला, साऱ्या डोंगरात घुमला. आवाज थांबल्यावर ठमी हरेशसमोर येऊन उभी राहिली.

"ह्यो आवाज त्या दिशी कुठं व्हता रं?"

हरेशने आशेने हर्षलाकडे पाहिलं. एरवी ती कोणाला असं अडचणीत उभं राहू द्यायची नाही. आज मात्र हात बांधून ती त्याच्या उत्तराची वाट पाहत राहिली.