पीटरच्या घंटेचा अडलेला रिले

श्रीरामपूरजवळच्या वस्तीत पीटर टीव्ही दुरुस्त करायचा. टीव्ही पापडाएवढे पातळ झाले आणि पीटर रिकामा झाला. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून साहेबांनी एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारी बारकी चिप, मागवला.

कारण मात्र खरं होतं. चर्चच्या घंटेचा दोर त्याची बायको हन्ना ओढायची. लहानपणी वडिलांच्या जोडीनं, त्यांच्या माघारी एकटी. आता तिचा उजवा खांदा धरला होता, रात्र रात्र ठणकायचा, तरी दोर दुसऱ्याच्या हाती द्यायला बाई तयार नव्हती. पीटरनं ठरवलं, दोराला मोटर बसवायची. वेळ झाली की चिप रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्याला, सांगेल, रिले मोटर चालू करेल, हन्नाचा खांदा सुटेल. हे त्यानं पाळकांच्या कानात सांगितलं, म्हणजे सगळ्या वस्तीला कळलं.

रविवारी उपासनेची वेळ झाली. चिपशेजारचा बारका दिवा लागला. रिले नुसता कुरकुरला, मोटर ढिम्म. माणसं वर बघत उभी. शेवटी हन्नानंच डाव्या हातानं दोर ओढला.

"अवो, दिवा मात्र लई भारी लागलाय तुमचा!" ती म्हणाली.

पीटरनं आठवडाभर प्रोग्रॅमला दोष दिला. प्रोग्रॅम बिचारा निर्दोष होता. चिपच्या पायातून निघणारा करंट दिव्यापुरता. रिलेच्या कॉइलला कितीतरी पट जास्त लागतो. मध्ये बारक्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा ट्रान्झिस्टर हवा. आणि घरात बरणीभर ट्रान्झिस्टर पडलेले! पण नव्या वस्तूला आपला जुना माल कशाला, असा त्याचा तोरा.

एका सकाळी तो नेहमीसारखं पुटपुटला, "शेजारच्या बायडाबाईला तिचा डबा न्यायला सांग." हन्नानं ओट्यावरून अशी हाक मारली की पलीकडच्या गल्लीनंही माना वळवल्या. हुकूम पीटरचा, दम हन्नाचा. पीटरनं कपाळावर हात मारला. संसार इतकी वर्षं याच जोडणीवर चालला होता, आणि मेकॅनिकला पत्ता नाही! त्यानं बरणी उपडी केली. रिलेला करंट वेगळ्या अडॅप्टरमधून, चिपनं ट्रान्झिस्टरला फक्त इशारा करायचा. रिले टक्कन बोलला.

पुढच्या रविवारी हन्ना घरीच, दोर हातचा गेला म्हणून गाल फुगवून चहा गाळत होती. पहिली घंटा वाजली. आता आपलं काही खरं नाही, म्हणून पीटर दाराकडे सरकला. पण हन्ना गाळणी हातात धरून तशीच उभी राहिली. आजवर घंटा वाजताना ती कायम दोराखालीच असायची.

"इतकी वरसं मी समद्यांना हाका मारल्या," ती पदरानं डोळे टिपत म्हणाली. "आज मला कुनीतरी हाक मारली, अवो."