आमच्या शाळेचा विरोधी पक्ष

मावशींनी आमच्या पालक सभेत कधी हात वर केला नाही. ज्याला बोलायचंय त्यानं आधी हात वर करावा, असं हेडसर दर सभेच्या सुरुवातीला बजावून सांगायचे. मावशी सरळ उभ्याच राहायच्या. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत वाळलेलं पीठ, आणि समोर माइकवर जो कोणी बोलत असेल त्याचं संपेपर्यंत तशाच उभ्या. एकदा का त्याची नजर त्यांच्यावर गेली की गडी गडबडायचा, भाषण आवरतं घ्यायचा. मग मावशी एकच प्रश्न विचारायच्या, "ते सगळं ठीक हाये. तुमचं लेकरू कुठल्या शाळेत हाये?"

स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना 'विरोधी पक्ष' म्हणायचो. "आज विरोधी पक्ष येणार आहे, सभा लांबणार," असं म्हणत आम्ही आधीच चहा पिऊन घ्यायचो. द्वारकेच्या चौकामागे एका केटररच्या भटारखान्यात त्या पोळ्या लाटायला जायच्या. माहेर नांदगावकडचं. इतकी वर्षं नाशकात काढली, पण बोलण्यातलं हाये-नाय काही सुटलं नव्हतं, आणि ते सोडावं असं त्यांना वाटतही नव्हतं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस बाहेर. मोठी करुणा माझ्या वर्गात होती, धाकटा यश तेव्हा बालवाडीत.

आमची शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, सकाळच्या वेळेची. पालकांमधून दर दोन वर्षांनी शाळा व्यवस्थापन समिती निवडायची असते. निवडायची असते म्हणजे काय, तर हेडसर सभेच्या आदल्या दिवशी दोनचार वजनदार माणसांना चहाला बोलवायचे आणि नावं ठरवून टाकायचे. सभेत ती वाचायची, पालकांनी टाळ्या वाजवायच्या, वडापाव खाऊन घरी जायचं. 'यंदाही समिती बिनविरोध' हे हेडसर असं सांगायचे, जणू घरात कार्य निर्विघ्न पार पडलं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दुपारच्या उन्हात तेवढंच लवकर सुटायला मिळायचं.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या सभेत हेडसर नावं वाचायला लागले तशा त्या उभ्या राहिल्या. ही माणसं कोण, कुठली, काय करणार, ते त्यांच्याच तोंडून ऐकू द्या म्हणाल्या. पोरीचं लग्न ठरवताना आपण स्थळ बघतो, इथं तर सगळ्यांच्याच पोरी द्यायच्यात. बायका हसल्या. हेडसरही हसले आणि बरं, दोन दोन शब्द बोला म्हणाले. त्यांना वाटलं, दहा मिनिटांत आटपेल. त्या दिवसापासून आमच्या शाळेत उमेदवारांनी पालकांपुढे दोन शब्द बोलायची प्रथा पडली आणि आमचं घरी लवकर जाणं संपलं.

ते दोन शब्द म्हणजे काय सांगू! पाण्याचा फिल्टर, सीसीटीव्ही, डिजिटल वर्ग, आणि शेवटी आवाज चढवून आठवीचा वर्ग. जो उठेल त्याचं हेच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. फिल्टरचं तर इतकं ऐकलं की आमचे शिपाई ते भाषण पाठ म्हणून दाखवायचे. पण आठवीचा वर्ग ही खरी अडचण होती. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल द्वारकेच्या चौकापलीकडे, तेही दुपारचं. वरून उड्डाणपूल आणि खाली ट्रक, बस, रिक्षा, कोण कुठून अंगावर येईल नेम नाही. मुलगे कसेही पळत जायचे. मुलींना मात्र आईबाप एकटं सोडायचे नाहीत, आणि सोबत जायला दुपारी बारा वाजता कोणाला वेळ असतो? सातवी झाली की त्या घरी बसायच्या. दरवर्षी मी निकालाच्या दिवशी त्यांना पेढा द्यायचे आणि जूनमध्ये त्याच मुली भाजीच्या गाडीशी नाहीतर कोणाचं तान्हं पोर कडेवर घेतलेल्या दिसायच्या.

मावशींच्या प्रश्नाचा पहिला प्रसाद शेठना मिळाला. शेठ म्हणजे द्वारकेवरचे टायरवाले. गल्लीतल्या मांडवापासून मयताच्या गाडीपर्यंत सगळ्याला पुढे होणारा माणूस. वाईट नाही, पण मिरवायची हौस दांडगी. शिक्षणप्रेमी म्हणून समितीत यायची त्यांची इच्छा होती. बोलले छान. मावशींनी विचारलं. शेठची मुलं पिवळ्या बसनं इंग्रजी शाळेत जात होती आणि ती बस सगळी वस्ती रोज बघत होती. शेठ नुसतं हसले, माइक हेडसरांच्या हातात दिला आणि खाली बसले.

त्या प्रश्नातून आम्हीही सुटलो नाही. एकदा जिन्यात मला गाठलं. "मॅडम, तुमची मुलं कुठल्या शाळेत?" मला राग आला. ह्यांना कशाला पाहिजेत नसत्या चौकशा? इंग्रजी शाळेत, म्हटलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मला वाटलं, आता ऐकवतील चार शब्द. त्या म्हणाल्या, "बरं केलं. आमच्याच्यानं ते होत नाय, म्हणून ही चांगली करा." आणि जिना उतरून गेल्या. मी त्या दिवशी तास घेताना उगाचच मुलांवर खेकसत होते.

भांडखोर होत्या असं समजू नका. पौर्णिमेला विहारात खीर व्हायची, ती डबा भरून स्टाफरूमला यायची. एखाद्या मुलानं पहिल्यांदा वाचायला घेतलं आणि अडखळलं की त्या दारातून सांगायच्या, "पहिली पोळी बिघडतीच. ती फेकायची नसती, आपण खायची असती." नवीन लागलेल्या शिक्षिकेचा पाठ बघायला वरचे साहेब आले आणि ती बिचारी घाबरून रडली, तेव्हाही तिला हेच सांगून गेल्या. तिला ते इतकं पटलं की पुढं ती पाठ बिघडला की डब्यातली पोळी काढून खायची.

करुणा सातवी पास झाली. त्याच वर्षी समितीची मुदत संपली आणि जुलैत सभा लागली. या खेपेला बायकांनीच मावशींना धरलं. यश शाळेत आहे, म्हणजे तुम्ही पालक आहात, दरवेळी लोकांना उठवून बसवता, आता स्वतः उभ्या राहा. मावशी नको नको म्हणत होत्या, पण आतून हरखल्या होत्या. मी ते पाहिलंय. सभेला आल्या त्या पीठ धुऊन, इस्त्रीची साडी नेसून.

शेठही आले होते, आणि यावेळी तयारीनिशी. जूनमध्ये त्यांनी आपल्या पुतण्याचं नाव आमच्या पहिलीत घातलं होतं, पालक म्हणून स्वतःची सही. त्यांनी भाषण संपवलं, मावशींच्या प्रश्नाची वाटही पाहिली नाही आणि स्वतःच सांगितलं, "आमचं लेकरू याच शाळेत आहे." टाळ्या पडल्या. त्या प्रश्नापायी एक पोर तरी आमच्या पटावर आलं, म्हणून हेडसर खूश.

मग मावशी माइकपाशी गेल्या. माइक त्यांनी हातात घेतलाच नाही. फिल्टर नको, कॅमेरा नको म्हणाल्या. आठवीचा वर्ग मागत राहू, पण तो येईल तेव्हा येईल. तोवर आपल्याच पोरींना आपण द्वारका पार करून देऊ. वार वाटून घ्या. आज ही, उद्या ती. दुपारी एकीनं न्यायच्या, संध्याकाळी दुसरीनं आणायच्या. कुणाची पोरगी आठवीला घरी बसता कामा नये. एवढंच. इतक्या वर्षांत त्या माइकवरून करता येण्यासारखं काही मी पहिल्यांदा ऐकत होते. मागच्या बायका एकमेकींना वार विचारायलाही लागल्या.

तेवढ्यात शेठ उठले. त्यांनी हात वर केला होता. आवाज अगदी मऊ. "मावशी, तुमचाच प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमची करुणा कुठल्या शाळेत आहे?"

शेठचं दुकान त्या भटारखान्याला लागून. त्यांना रोज दिसत असणार. मला माहीत नव्हतं. मी समजत होते, ही तरी हायस्कूलला गेलीच असेल. मावशी एकदा आमच्याकडे, एकदा बायकांकडे बघत राहिल्या. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. पुढच्या आठवड्यात घालणार आहे म्हटलं असतं तर कोण विचारायला जाणार होतं?

"घरी," त्या म्हणाल्या. "माझ्यासंगं पोळ्या लाटती."

आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या. हेडसरांनाही वाईट वाटलं असावं. नियमानं काही अडचण नाही, यश शाळेत आहे, तुम्ही उभ्या राहू शकता, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मावशी बसूनच म्हणाल्या, "नियम तुमचा हाये, सर. प्रश्न माझा होता." बायकांनी खूप ओढलं, पण त्या उठल्या नाहीत. शेठ अध्यक्ष झाले. समिती पुन्हा बिनविरोध. वडापाव वाटले.

सभा पांगल्यावर मी त्यांना फाटकात गाठलं आणि चांगलंच झाडलं. कोण धुतल्या तांदळाचं आहे इथं? दुसऱ्यांनी शेंड्या लावायच्या आणि तुम्ही तेवढ्या खऱ्याला चिकटून बसणार? हाताशी आलेलं घालवलंत! त्या ऐकून घेत होत्या. मग सांगितलं, बारा वाजता भटारखान्यात डबे भरायची घाई असते, तेव्हा पाच मिनिटं सुटता येत नाही. मालकाला विचारलं होतं, नाही म्हणाला. पोरगी म्हणाली, राहू दे आई, मी येते तुझ्याबरोबर. "मी लोकांच्या पोरींचं बोलत व्हते, मॅडम. माझ्याच ताटातलं दिसलं नाय मला." त्या रडल्या नाहीत. मलाच कसंतरी झालं. रागच आला होता, पण नक्की कोणावर ते कळेना.

त्यानंतरच्या सोमवारी शाळा सुटल्यावर मी बससाठी द्वारकेवर थांबले होते. चौकात एकाएकी हॉर्न वाजायला लागले. पाहते तर मावशी. एका हातात करुणाचं मनगट, आणि दुसरा हात सरळ वर, तळवा बसच्या काचेसमोर. सभेत कधी वर न झालेला तो हात. बस थांबली, तिच्यामागचा ट्रक थांबला. करुणा अंगाला मोठ्या होणाऱ्या गणवेशात मान खाली घालून चालत होती, बहुतेक लाजत होती. मावशींनी दुपारचं काम सोडून रात्रीच्या ऑर्डरींचं धरलं होतं. त्यात पैसे कमी आणि घरी यायला उशीर, हे मला मागाहून कळलं.

गणपती येईपर्यंत त्यांच्यामागे मुलींची रांग झाली. मग दुसऱ्या बायका यायला लागल्या, एकेकीनं एकेक वार धरला. कोणी ठराव केला नाही, कोणाची सही नव्हती. शेठनी शाळेला कॅमेरे मात्र खरोखर बसवले. त्यातलं कोण बघत होतं देव जाणे. दिवाळीनंतर त्यांचा पुतण्या पिवळ्या बसमध्ये दिसायला लागला. पुढच्या सभेत शेठ अध्यक्ष म्हणून बोलायला उभे राहिले तेव्हा मावशी आल्या नव्हत्या. सोमवार होता, आणि सोमवार त्यांचा वार.

करुणा दहावी झाली, मग नर्सिंगला गेली. यशची सातवी झाली तशी मावशींचा आमच्या शाळेशी संबंध संपला. त्याच सुमारास नवऱ्याला सायखेड्याला काम लागलं आणि ते कुटुंब तिकडे गेलं. निघताना भेटायला आल्या. डब्यात पोळ्या होत्या, अजून गरम. आठवीचं काय झालं, विचारलं. मी सांगितलं, प्रस्ताव वर आहे. त्या हसल्या. "वरच राहू द्या. खालचं नीट चाललंय," म्हणाल्या, आणि गेल्या. त्यांना फाटकापर्यंत पोचवून परत येताना मला इतकं थकल्यासारखं झालं की मी पायरीवरच बसून राहिले.

आठवीचा वर्ग आजही नाही. प्रस्ताव वर आहे.

परवा या वर्षीची सभा झाली. माझी ही शेवटची. या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे. हेडसर नवे, उमेदवार नवे, फिल्टर तोच. एकेक जण दोन शब्द बोलला आणि प्रत्येक वेळी शेवटी मी उगाच मागच्या रांगेकडे बघत राहिले. कोणी उभं राहिलं नाही. टाळ्या झाल्या, समिती बिनविरोध झाली. मनात आलं, चला, एक बाई गेली आणि ये रे माझ्या मागल्या. इतकी वर्षं खडू झिजवून हेच बघत निवृत्त व्हायचं होतं.

चप्पल शोधत मी दारापाशी आले तर तिथं चारपाच बायका घोळका करून उभ्या. सोमवारवाल्या बाईचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि तिच्या जागी कोण, यावर बोलणं चाललं होतं. मावशींना त्यातल्या एकीनंही पाहिलेलं नसेल. एक म्हणाली मला धुणीभांडी, दुसरी म्हणाली मला दुकान.

"पुढच्या महिन्यापासून सोमवार माझा लावा," मी म्हटलं.

त्या हसल्या. त्यांना वाटलं, मॅडम थट्टा करताहेत. एक जण मायेनं म्हणाली, मॅडम, इतकी वर्षं उभ्या राहून शिकवलंत, आता जरा घरी बसा की.

घरी बसा म्हणे! माझे गुडघे दुखतात, उन्हानं डोकं उठतं, आणि द्वारकेच्या चौकाची मला आजही भीती वाटते. हे सगळं मी त्यांना सांगितलं. आणि म्हटलं, तरी सोमवार माझाच लावा. हात वर कसा करायचा, ते मी पाहिलेलं आहे.