ताडाच्या वीस खाचा

मसोलीच्या महादेव सावेंची चिकूची वाडी वडिलोपार्जित, पण हॅम रेडिओ स्वतःच्या कमाईचा; परीक्षा देऊन, सरकारी लायसन काढून मिळवलेला. सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी पाचला ते पोर्ट ब्लेअरच्या दासबाबूंशी बोलत. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण दासबाबूंच्या गुडघ्याचं दुखणं काकांच्या बायकोला, कुसुमबाईंनाही पाठ होतं.

गेल्या वादळात सुरूची झाडं आडवी झाली, त्यांच्यावर बांधलेली रेडिओची तारही गेली. आणि आता दासबाबू मुलाच्या फ्लॅटवर राहायला कलकत्त्याला निघाले होते. तिथे तार बांधायला जागा नाही. पत्रात लिहिलं होतं, रविवारी पाचला ते शेवटचे रेडिओवर येणार.

"फोन करा की," कुसुमबाई म्हणाल्या.

"फोनवर काय, कोणीही बोलतं."

शनिवारी सकाळीच महादेवकाका कॉम्प्युटरपुढे बसले. तारेची लांबी, उंची, खालची जमीन, सगळं भरलं की तार कुठल्या दिशेला किती जोराने आवाज फेकेल त्याचं चित्र पडद्यावर उमटे. तार अंदमानाकडे रोखली की काम झालं, अशी त्यांची समजूत. पण चित्रात ऐंशी मीटरच्या तारेला आवाजाच्या चार मोठ्या पाकळ्या फुटल्या त्या सगळ्या तिरक्या, आणि तारेच्या नाकासमोर सपशेल रिकामं. म्हणजे तारच तिरकी बांधायची! वाडीच्या कडेचे दोन ताड नेमके त्या तिरक्या रेषेत येत होते. काकांनी ताडी काढणाऱ्या धाकल्याला हाक मारली.

"ताड उंच किती रे?"

"दोन्ही वीस-वीस खाचा." खाचा म्हणजे चढायला बुंध्यात कोरलेल्या पायऱ्या.

काकांनी वीस फूट भरले. पाकळी उभीच्या उभी आभाळात गेली; लांब पोचायला ती आडवी पडायला हवी होती.

"घ्या. आता घारींशी बोलायचं."

धाकल्या पडद्याकडे वाकला. "शेट, वीस फूट कुठून काढलं?"

"खाचेला एक फूट. शिडीच्या पायरीसारखं."

धाकल्या हसत खालीच बसला. "शिडी तुमच्या चिकूची. ताडाला फुटाफुटावर कोयता मारला तं ताड उरंल काय? टांग लांब टाकावी लागते, शेट."

दोघं दोरी घेऊन ताडाकडे पळाले. एका खाचेपासून दुसरी, चांगली दोन फूट. म्हणजे चाळीस! काका धापा टाकत परतले, आकडा बदलला, आणि पाकळी झुकली ती पार खाली, क्षितिजाला टेकायला आली.

"कुसुम, बघ, बघ गं, वाकली!"

"माझं पिठलं लागेल," म्हणत त्या आल्या आणि बघतच राहिल्या.

रविवारी दुपारी नवी तार कमरेला बांधून धाकल्या दोन्ही ताडांवर चढून आला. पाच वाजले. खरखर. काकांनी दोनदा साद घातली. पुन्हा खरखर. धाकल्याने मुंडासं सोडून हातात धरलं.

"महादेवदा," आवाज आला, स्वच्छ. "आज क्या बगल के कमरे से बोल रहे हो?"

काका माइक हातात धरून पडद्यावरची पाकळीच बघत राहिले.

"बोला ना शेट, मी काय उगाच चढलो?" धाकल्या म्हणाला.

कुसुमबाईंनी मागून काकांचा खांदा हलवला. "आधी त्यांचा गुडघा विचारा."