भट्टीवरचा मामा

मुरबाडच्या धर्मादाय दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. दर गुरुवारी शहापूरहून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ महारोग्यांना गोळ्या वाटायला येत. प्रत्येकाला आधी "जेवलास का रे?" विचारत आणि उत्तर ऐकूनच पुडी हातावर ठेवत.

दिवाळीनंतर वाडीवरची एक बाई यायची थांबली. तीन गुरुवार चुकले की नाव कापायचे, असा संस्थेचा नियम होता. मी कापले.
"फुकट देऊनही येत नाहीत," मी म्हणालो.

ते वाडीवर जाऊन चौकशी करून आले आणि मला घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले; ती पावसाळ्यापर्यंत तिथे कामाला गेली होती. आम्हाला पाहताच बाईने बोटे पदराखाली लपवली.
"मुकादमाला नाय सांगू, दादा. हाकलील."

तेवढ्यात मुकादमच आला. "कोण तुमी?"
"हिचा मामा," असे म्हणून ते तिच्या शेजारी मातीत बसले. मुकादम गेल्यावर त्यांनी पावसाळ्यापर्यंत पुरतील एवढ्या पुड्या तिच्या ओटीत घातल्या.

परतताना मी विचारले, "संस्थेला काय कळवू?"
"तीन गुरुवार आपण गैरहजर होतो, असं लिहा."

पावसाळ्यात ती आली. रिकाम्या पुड्यांचे सगळे कागद तिने घडी घालून जपून आणले होते.