दादांच्या फॉर्मवरचं ‘नाही’

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. ती आत स्वयंपाकघरात आहे, मी बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसलोय, आणि तिला वाटतंय मी सोसायटीच्या मीटिंगचं काहीतरी लिहितोय. वाटू दे. गेली अकरा वर्षं — नाही, बारा झाली असतील — मी ही गोष्ट अशीच कडेकडेनं चुकवत आलोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतं. बघू.

आधी दादांबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. आमचं गाव वैजापूरच्या पुढं. वडील लवकर गेले आणि दादा नववीतून थेट शेतात गेले. मला मात्र त्यांनी शहरात आणून आयटीआयला घातलं. पुढं वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात लागलो, बजाजनगरात घर केलं, आणि तीस वर्षं दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढून पगार घेतला. केसभर फरक असला तरी मी माल परत पाठवायचो. लोक मला त्यासाठी नावाजायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आणि घरातला लिहिणारा मी. तुमच्याही घरात असा एकजण असेलच. आयटीआयला गेल्यापासून रेशनकार्ड, पीककर्ज, पुतण्यांचे प्रवेश, वहिनींचं आधारकार्ड, सगळे फॉर्म माझ्याकडं यायचे. दादा फक्त सही करायचे. तहसीलच्या चकरा मारून मारून मी एक गोष्ट शिकलो होतो. फॉर्मवर जिथं अडचणीचं काही विचारलंय तिथं सरळ ‘नाही’ लिहायचं. वाद आहे का? नाही. थकबाकी? नाही. आजार? नाही. खरं लिहिलं की खिडकीपलीकडचा माणूस मान वर करतो, आणि त्यानं मान वर केली की काम अडलंच. आमच्याकडं फॉर्म हा खरं सांगण्याचा कागद नव्हता, पलीकडं जाण्याचा होता.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. निदान तसा प्रयत्न करतोय.

मी निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या विभागातल्या पाच जोडप्यांनी जहाजाची सहल ठरवली. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. क्रांती चौकाजवळच्या एका एजंटकडं जाऊन आम्ही रंगीत माहितीपत्रकं आणली, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. निघायच्या आधी एक जोडपं गळालं आणि मी दादांना म्हटलं, चला. दादांनी समुद्र पाहिलेला नव्हता. वहिनींना येता येणार नव्हतं, पुतणी बाळंतपणाला आली होती. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. ते ऐकून मी दोन दिवस छाती काढून फिरलो.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात दादांच्या छातीत एकदा कळ आली होती. डॉक्टरनं रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, दमायचं नाही म्हणून बजावलं. निघताना वहिनींनी गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली आणि दादांकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली. जहाजावर डॉक्टर असतो म्हणे, तिथं जे काय आहे ते खरं सांगायचं, लपवायचं नाही. दादा हो म्हणाले. आणि दादा हो म्हणाले म्हणजे झालंच, इतका त्यांचा शब्द वहिनींना पक्का होता.

पहिले दोन दिवस दादा कठड्यापासून हललेच नाहीत. नाष्ट्याला बोलवावं लागायचं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला हॉलमध्ये सगळ्यांना जमवून पुढच्या दिवशीचा बेत सांगितला. जहाज बेटापासून लांब उभं राहणार, छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेणार. तिथं ज्याला जे हवं ते — वल्ह्याची छोटी होडी, काचेच्या तळाची होडी, नाहीतर तोंडावर मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघायचे. मला ते मासेच बघायचे होते. निघण्याआधी मी कंपनीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पाण्याखालचा फोटो पाठवतो. पण तिथं एक नियम निघाला. पाण्यात उतरायचं ते जोडीनं. जोडीदार नसेल त्यानं काचेच्या होडीत बसायचं.

आता माझी जोडी कोण? बायको घोट्यापलीकडं पाण्यात जायला तयार नव्हती. माझा जुना सोबती रफीकभाई, त्याला त्याच्या बायकोनं आधीच दम दिला होता. बाकीच्यांना पोहता येत नव्हतं. आमच्याकडच्या माणसाचा आणि पाण्याचा संबंध विहिरीपुरता. पण दादा रोज सकाळी विहिरीत पोहणारे. राहिले दादा.

फॉर्म इंग्रजीत होता. डेकवरच्या खुर्च्यांवर बसून मी माझा भरला, मग दादांचा घेतला. दादा शेजारी बसून म्हणाले, “गोळी चालू हाय म्हणून लिही. छातीत कळ आलती, ते बी लिही. नाय म्हणले तर नाय, म्या काठाला बसून बघतो.”

हे त्यांनी मी विचारायच्या आधी सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा.

मी फॉर्मकडं पाहिलं. हृदयाचा त्रास, रक्तदाब, चालू औषधं, एकाखाली एक प्रश्न आणि पुढं दोन चौकटी. लिहिलं तर काय होणार हे मला ठाऊक होतं. पलीकडचा माणूस मान वर करणार. दादा काठावर बसणार आणि मी काचेच्या होडीत बायकांबरोबर. मी सगळीकडं ‘नाही’वर खूण केली. सवयीचं काम होतं.

“लिहिलं का समदं?” दादांनी विचारलं.

“लिहिलं,” मी म्हणालो.

त्यांनी सही केली. सही करताना ते नेहमी पूर्ण नाव लिहायचे, सावकाश, वडिलांच्या नावासकट.

सकाळी बोटीतून बेटावर गेलो. शिकवणारा वयस्क माणूस होता, बेटावरचाच, तुटकं हिंदी बोलणारा. त्यानं फॉर्मचा गठ्ठा चाळला आणि आमच्या जोडीला मुखवटे दिले. जाकिटाचे पट्टे आवळताना दादा माझ्याकडं बघून म्हणाले, लिहून बी सोडलं त्यांनी, म्हंजे भ्यायचं कारण नाय. मी काय केलं असेल? मुखवटा तोंडावर चढवला. नंतर मला पुष्कळदा वाटलं की सांगायची तीच वेळ होती. कंबरभर पाण्यात उभे होतो आम्ही, दोन पावलं मागं फिरायचं होतं फक्त.

पाणी इतकं स्वच्छ होतं की आपली सावली तळाच्या वाळूवर दिसायची. पिवळे, निळे, पट्ट्यांचे मासे. दादा एकदा तोंड वर काढून हसले, “आरं, ह्यांच्या घरात आलो आपण.” साठी उलटून कितीतरी पुढं गेलेला माणूस, पण चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा. मला त्यांचा फोटो काढायचा होता. त्याआधी मी त्यांना माझा काढायला लावला. दोन-तीनदा, नीट येईना म्हणून. मग मी एका मोठ्या माशामागं पुढं गेलो.

काचेच्या होडीतून रफीकभाईची हाक आली, “अरे अंकुश, बडे भाई कू देख, हात नै हिला रै.”

शिकवणाऱ्यानंच त्यांना आधी गाठलं. जाकिटामुळं तरंगत होते, पण तोंडाचा रंग गेला होता आणि एक हात छातीवर घट्ट. बोटीतून जहाजावर नेलं, तिथल्या छोट्या दवाखान्यात झोपवलं, प्राणवायू लावला. एक-दीड तासानं त्यांनी डोळे उघडले. डॉक्टर हातात फॉर्म घेऊन आली. बाई शांत होती, पण चिडलेली. त्या गोळ्यांची डबी तिला माझ्या पिशवीत सापडली होती. तिनं फॉर्मवरचा एकेक प्रश्न हिंदीत वाचला आणि पुढचं ‘नाही’ही वाचलं. मग विचारलं, हे कुणी भरलं?

दादा ते पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी डॉक्टरकडं बघत राहिलो.

“भरलं मी,” मी हिंदीत म्हणालो, “पण त्यांनी सांगितलं तसं भरलं.”

खोलीत माझी बायको होती, रफीकभाई होता. दादांनी तोंडावरची नळी जरा बाजूला केली.

“व्हय,” ते म्हणाले. “म्याच नाय सांगितलं.”

का म्हणाले असतील? मला वाचवायला? की त्या क्षणी त्यांना माझी लाज वाटली? मी कधी विचारलं नाही. पुढं चार वर्षं ते जगले, त्या चार वर्षांत आम्ही शेकडो वेळा एकत्र जेवलो, आणि मी विचारलं नाही.

कोचीला उतरवून त्यांच्या हृदयाच्या नळ्या साफ केल्या. वहिनी विमानानं आल्या, जन्मात पहिल्यांदा, पुतण्याचा हात धरून. तोवर फॉर्मची गोष्ट बायकोच्या तोंडून त्यांच्या कानावर गेली होती. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, “मला हो म्हणून गेला होता तुम्ही.” दादा छताकडं बघत राहिले. मी खिडकीशी होतो.

त्यानंतर दादांना शेतात राहू दिलं नाही. पुतण्यानं शहरात फ्लॅट घेतला होता, तिथं आणलं. विहीर सुटली. गाडीची किल्ली काढून घेतली. हे सगळं मी समजू शकतो, आजारी माणसाचं करतातच. पण दर महिन्याला दवाखान्यात मी बरोबर जायचो आणि तिथलं मला अजून ऐकू येतं. डॉक्टर दादांना विचारायचा, दम लागतो का, झोप येते का. दादा बोलायला लागले की वहिनी मधेच म्हणायच्या, “त्यांना नका विचारू. ते खरं सांगत न्हाईत. मला विचारा.” ज्या माणसाच्या शब्दावर मार्केट यार्डात चिठ्ठी न करता कापूस मोजला जायचा, तो माणूस मान खाली घालून बसायचा. आणि शेजारच्या खुर्चीवर मी. चार वर्षं, दर महिन्याला.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी सांगायचं. रिक्षात सांगायचं, जिन्यात सांगायचं. मी ठरवायचो हो. प्रत्येक वेळी ठरवायचो. मग वहिनी म्हणायच्या, भाऊजी, तुम्ही आहात म्हणून मला आधार आहे. आणि मी रिक्षाचे सुटे पैसे शोधायला लागायचो. त्यांचा एक आधार खोटा निघाला होता, आता दुसराही काढून घेऊ का — असं मी स्वतःला सांगायचो. किती सोयीचं आहे बघा. भित्रेपणालाही मी वहिनींच्या काळजीचं नाव दिलं.

शेवटच्या वेळी दादा आठ दिवस अतिदक्षतेत होते. सहाव्या दिवशी दुपारी त्यांना जरा बरं वाटलं. ते म्हणाले, छातीत दुखत नाही, मला गावाकडं न्या, विहिरीजवळ बसू द्या. डॉक्टरनं आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार काही करण्यासारखं उरलेलं नाही, त्यांना खरंच त्रास होत नसेल तर न्यायला हरकत नाही, घरच्यांनी ठरवावं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “ते दुखत नाय म्हणतेत, पण त्यांच्या म्हणण्यावर कसा भरवसा ठेवू? तवा बी असंच केलं. वाटंत काय झालं तर?” आणि माझ्याकडं पाहिलं. “भाऊजी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

सगळे माझ्याकडं बघत होते. दाराच्या काचेतून पलीकडं दादाही दिसत होते. त्यांना काही ऐकू जात नव्हतं, पण तेही आमच्याकडंच बघत होते, वाट बघत. एवढंच म्हणायचं होतं — वहिनी, दादा तेव्हाही खोटं बोलले नव्हते, मी बोललो. इतकं म्हटलं असतं तर तासाभरात गाडी वैजापूरच्या रस्त्याला लागली असती.

मी म्हणालो, “राहू द्या इथंच. त्यांचं काही सांगता येत नाही.”

दोन दिवसांनी ते तिथंच गेले. भेटीच्या वेळा ठरलेल्या होत्या, त्या वेळेत नाही. जवळ कुणी नव्हतं.

दहाव्याचं आटोपून आम्ही गावातल्या घरी बसलो होतो. वहिनी मला म्हणाल्या, “चाळीस वर्सं संसार केला, भाऊजी. मला कधी फसवलं नाय. मग तेवढं एक का लपवलं असंल त्यांनी?”

मी म्हणालो, “असतो एकेकाचा स्वभाव.”

त्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं.