मामींच्या पायथ्याची जागा

दाविदमामा आमच्या डोणगावात सरकारी ड्रेसर होते. जखम धुऊन, औषध लावून पट्टीला शेवटची गाठ मारली की ते त्या हातावर किंवा पायावर हलकेच थाप मारत आणि म्हणत, "जपून ठेव बाप्पा. हाच परत लागनार आहे." विळा लागलेला गडी असो की गळवानं बेजार झालेली म्हातारी, सगळे मान डोलवून निघून जात. त्यांना वाटे, मामा उद्याच्या कामाबद्दल बोलताहेत. मामा बोलत होते शेवटच्या दिवसाबद्दल. ज्या दिवशी कबरी उघडतील आणि मेलेली माणसं आपापल्या देहानिशी उठून उभी राहतील, पुन्हा कधीही न मरण्यासाठी. ही गोष्ट त्यांच्या मनात इतकी पक्की होती की ती सांगताना त्यांना कधी आवाज चढवावा लागला नाही.

मी त्यांचा शेजारी. माझं खताबियाण्यांचं दुकान आहे. म्हणजे दुकान बायको चालवते आणि मी गल्ल्यावर बसून गोष्टी सांगतो. लग्नाकार्यात पोरं माझ्याभोवती गोळा होतात आणि मोठी माणसं हळूच उठून जातात. मामा मात्र कधी उठून गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर ते रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येत, शुगरमुळे चिघळलेला माझा पायाचा अंगठा मांडीवर घेत आणि पट्टी बदलत. तेवढ्या वेळात त्यांना डिवचायचं, हे माझं काम.

"मामा, आमच्यात तर जाळतात. आमचं कसं व्हायचं?"

"ज्यानं मातीचा मानूस केला, त्याले राखेचा करता येत नाई काय? करीन तो. पन तू त्याचं सोपं काम अवघड काऊन करून राह्यला बे?"

"आणि हे पोट? हेही उठणार?"

"उठीन ना. त्याच्याबिगर तुले ओळखीन कोन?"

देहावरची मामांची सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे वण. आयुष्यभर जखमा बांधलेल्या माणसाला त्यांचं अप्रूप वाटणारच. ते म्हणत, "प्रभू उठला तवा हातावरचे खिळ्याचे वन तसेच होते. सारं अंग नवं झालं, पन वन राह्यले. काऊन? आपल्या मानसाले ओळख पटली पाह्यजे म्हनून." त्यांच्या बायकोच्या, रूथमामींच्या, डाव्या मनगटावर उकळतं तेल सांडल्याचा पानाएवढा डाग होता. त्याकडे बोट दाखवून मामा सांगत, "लाख लोकात उभी राह्यली तरी मी हिले हुडकून काढीन."

मामींना त्या लाख लोकांचीच धास्ती होती. बाजारात जायचं तरी त्या मामांच्या सदऱ्याचं टोक धरून चालायच्या. एकदा मलकापूर स्टेशनावर गाडीतून उतरलेल्या लोंढ्यात ते टोक सुटलं. मामांनी सगळा फलाट पालथा घातला. मामी मात्र जिथे हात सुटला तिथेच उभ्या होत्या, समोर नजर लावून, खांबासारख्या. मामा मागून "रूथ, रूथ" म्हणत आले तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. मामा पुढे जाऊन समोर उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. "ती भेली का तिले मागचं काईच समजत नाई," असं मामा सांगायचे. मी ही गोष्ट नकलेसकट कितीतरी वेळा सांगून लोकांना हसवलं आहे. आता सांगत नाही.

चार वर्षांपूर्वी होळीनंतरच्या आठवड्यात मामी तापाचं निमित्त होऊन गेल्या. गावात ख्रिस्ती घरं तीनच. मामांना मूलबाळ नाही. खांदा द्यायला आम्ही शेजारीच होतो. पेटी गावातल्या सुतारानं केली. त्यानं जन्मात पहिल्यांदाच असली पेटी केली होती, त्यामुळे ती धान्याच्या संदुकीसारखी झाली. दोन्ही टोकं सारखी. झाकणावर पांढऱ्या फितीचा क्रूस लावला, तोही बेरजेच्या चिन्हासारखा चारी बाजूंनी सारखा. पाळकसाहेब मेहकरहून परस्पर कबरस्तानात पोचणार होते. तेव्हा वाटेतला सगळा कारभार माझ्याकडे आला. खरं म्हणजे आला नाही, मी घेतला.

घरून निघताना मामांनी एवढंच सांगितलं, "पाय पुढं हायेत. उतरवताना पुढचं टोक पूर्वेले ठेवजा." मग ते मान खाली घालून सगळ्यांच्या मागून चालू लागले.

आमच्यात अर्ध्या वाटेवर विसावा असतो. तिथे तिरडी टेकवतात आणि पुन्हा उचलताना फिरवून घेतात. पायांकडचं टोक मागे जातं, डोक्याकडचं पुढे येतं. नेहमीची जागा आली तशी मी पेटी टेकवायला लावली आणि मोठ्या ऐटीत ओरडलो, "फिरवा, फिरवा! रीत आहे ती!" पेटी फिरली. कबरस्तानात आम्ही पुढचं टोक बरोबर पूर्वेला ठेवलं. प्रार्थना झाली, माती पडली. सगळं कसं व्यवस्थित पार पडलं, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

संध्याकाळी मी मामांजवळ बसलो होतो. त्यांनी विचारलं, "वाटेत काऊन थांबले होते तुम्ही?"

"विसाव्याला. काही कमी पडू दिलं नाही मामा. पेटीसुद्धा फिरवून घेतली."

एखाद्या पोराला समजावून सांगावं तसं मामा म्हणाले, "आमचं मानूस पूर्वेले पाय करून निजवतात. उठून उभं राह्यलं का तोंड पूर्वेले. प्रभू तिकूनच येनार, अशी समज हाये."

माझ्या डोक्यात पेटी उलटी फिरायला थोडा वेळ लागला. "म्हणजे मामी..."

"तिची पाठ राहीन."

मी घाईघाईनं म्हणालो, पाळकसाहेबांना सांगू, सकाळी माणसं नेऊ, नीट करून घेऊ. मामांनी मान हलवली. "नाई. निजवलेल्या मानसाले उकरत नाईत." ते उठून आत गेले. ते रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तीन आठवडे ते आमच्या ओट्यावर आले नाहीत. अंगठ्याची पट्टी मी स्वतः बांधायला लागलो. ती भर दुकानात सुटली, चपलेत अडकली आणि मी युरियाच्या पोत्यावर आपटलो. बायको म्हणाली, "भोगा." ती पट्टीबद्दल बोलत नव्हती.

पुनरुत्थानाच्या सणाच्या रविवारी ही मंडळी पहाटेच कबरस्तानात जातात, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. त्या पहाटे मधल्या भिंतीवर थाप पडली. "चाल," मामा म्हणाले. मी निमूट गेलो. प्रार्थना संपली, बाकीची मंडळी गेली. मामा मामींच्या कबरीच्या पायथ्याशी उभे होते. तुरीच्या रिकाम्या शेतांमागून सूर्य वर आला आणि ऊन नेमकं त्यांच्या तोंडावर पडलं. पायाखालच्या मातीकडे, मग समोर, असं ते बराच वेळ पाहत राहिले.

"मी इथं निजनार," ते म्हणाले. "बाजूले नाई, इथं, पायथ्याशी. सरळ, रिवाजाप्रमानं, पाय पूर्वेले."

"इथं का?"

"अरे, तिचं तोंड पश्चिमेले, माह्यं पूर्वेले. उठलो का समोरासमोर. एवढे लोक पाहून ती भेईन. भेली का तिले मागचं काई समजत नाई, मंग मागं प्रभूच का असंना. पन मी समोर असन. मी तिले सांगीन, भेऊ नको रूथ, मागं पाह्य."

मी म्हणालो, "मामा, माझ्यामुळे..."

"तुह्यामुळेच. अंगठा दाखव."

ती जागा येण्याजाण्याच्या वाटेवर होती, म्हणून पाळकसाहेब आधी तयार नव्हते. त्यांनी समजावून पाहिलं, की मामा, समुद्रात बुडालेलेही उठणार आहेत, तिथे दिशा कोण बघतो? मामा म्हणाले, "हाव साहेब, उठतीन ते. मी उठीन का नाई, त्याची फिकीर नाई मले. मले फक्त समोर राहाचं हाये." पाळकसाहेबांनी होकार दिला. जागा राहिली. मामा दर रविवारी जाऊन तिच्याभोवतीच्या दगडांना चुना लावत.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर मामा खाटेला खिळले. हात इतके थरथरत की गाठ मारता येईना. शेवटी शेवटी माझा अंगठा मीच बांधायचा आणि त्यांनी पडल्या पडल्या चुका काढायच्या, असं चाललं. एके दुपारी त्यांनी उशीखालून एक पुठ्ठा काढला. त्यावर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावलेले होते. एकावर लिहिलं होतं 'डोकं', दुसऱ्यावर 'पाय'.

"सुतार तोच हाये," ते म्हणाले. "अन् तूबी तोच."

मी हसलो. तेही हसले. मग त्यांनी माझा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. "पाय पूर्वेले," त्यांनी पुन्हा सांगितलं. आठ दिवसांनी ते गेले.

दोन्ही तुकडे मी माझ्या हातानं पेटीच्या टोकांना लावले. विसाव्याच्या जागेवर सवयीनं सगळ्यांचे पाय थबकले, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "फिरवा." मी असा काही ओरडलो की बाजूच्या शेताच्या धुऱ्यावर बांधलेली शेळी दावं तोडून पळाली. पेटी टेकू दिली नाही, फिरू दिली नाही. कबरीपाशी पोचल्यावर मी मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं. सूर्य समोर मावळतीला चालला होता, पश्चिम कुठे आहे हे शेळीलाही कळलं असतं. तरी मी बघितलं. मग चिकटपट्टीवरचं 'पाय' वाचलं. पुन्हा वाचलं.

"झालं का भाऊ?" पाळकसाहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"एक मिनिट," म्हटलं आणि बोटानं ती अक्षरं चाचपली. मामांचं अक्षर थरथरतं होतं. "हां. सोडा आता."

देह उठेल यावर तुमचा विश्वास आहे का, असं त्या दिवशी आंघोळीचं पाणी काढताना बायकोनं विचारलं. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला इतकं साधं सांगता येऊ नये, याची लाज वाटली.

एवढं मात्र खरं, की माती टाकून सगळे निघाले तेव्हा मी शेवटी राहिलो होतो. दोन्ही कबरींच्या मध्ये जेमतेम दोन हात जागा उरली होती आणि फाटकाकडे जायची जवळची वाट तिथूनच होती. मी पाऊल उचललं आणि मागे घेतलं. मग तो दुखरा अंगठा सांभाळत, बोरीच्या काट्यांतून, लांबचा वळसा घेऊन बाहेर आलो.